भिंतीवरची नावं

चोवीस डिसेंबरला दुपारी चार वाजता हवालदार हंबीरराव आमच्या राजारामपुरीतल्या घराचा जिना चढू लागले. मागे सासूबाई, त्यांच्या मागे मी. वरच्या मजल्यावर चार वर्षांपासून आर्ने आणि सोल्वेग राहतात. नॉर्वेहून आलेलं, पन्नाशी ओलांडलेलं मिशनरी जोडपं. आर्ने मिशनच्या दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करतात, सोल्वेग तिथल्या परिचारिकांना शिकवतात. त्यांच्या व्हिसाची मुदत एकतीसला संपत होती. मुदतवाढीसाठी पोलिसांचा अहवाल हवा होता आणि त्यावर घरमालकीण म्हणून अव्वांची, म्हणजे सासूबाईंची, सही. ती मिळाली नसती तर आठ दिवसांत दोघांना सामान आवरावं लागलं असतं.

"निनावी अर्ज आलाय, मावशी," हंबीरराव जिन्यात म्हणाले. "आलाय म्हंजे बघाय पायजे."

"काय म्हंतोय?"

"ही माणसं गल्लीला बाटवत्यात."

"चार वर्सं झाली, मला अजून न्हाय बाटवलं," अव्वा म्हणाल्या. "आळशी दिसत्यात."

वर दुधात शिजणाऱ्या भाताचा वास होता. त्यांचा नाताळ चोवीसच्या संध्याकाळीच सुरू होतो. सहा वाजता आम्हाला जेवायला बोलावलं होतं, आणि अव्वांसाठी सगळा बेत शाकाहारी होता. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकवताना जेवढी शिस्त पाळते तेवढी हे दोघं सुट्टीत पाळतात. सोमवारी सुट्टी, फोन बंद. मे महिन्यात पंधरा दिवस पन्हाळा. सतरा मे त्यांचा राष्ट्रीय सण, तेव्हा गच्चीवर कागदी झेंडे आणि गल्लीतल्या सगळ्या पोरांना आइस्क्रीम. एरवी पहाटे साडेपाचला वर दिवा लागतो, दोन खुर्च्या सरकतात आणि अर्धा तास काहीच ऐकू येत नाही. ते चहा पीत असतील, असं मी धरून चालले होते.

हंबीररावांनी पासपोर्ट पाहिले, फोटो जुळवले. मग पाणी मागितलं आणि सोल्वेग आणायच्या आत ते स्वतःच स्वयंपाकघरात गेले. तिथून त्यांची हाक आली.

"पावणं, हिकडं या जरा."

फ्रिजशेजारी भिंतीवर मोठा तक्ता चिकटवलेला होता. सात वारांचे सात रकाने, प्रत्येकात पाच-सहा नावं. झुंबरबाई, बनाबाई, विश्वजित, हिराबाई. सगळी आमच्याच गल्लीतली. काही नावांपुढे तारखा, काहींपुढे लाल टिका. आणि सगळं देवनागरीत. सराव व्हावा म्हणून घरातलं प्रत्येक लिखाण मराठीत करायचं, असा त्यांचा नियम होता. हाच तक्ता त्यांनी नॉर्वेजियनमध्ये लिहिला असता तर हंबीरराव पाणी पिऊन परत फिरले असते.

"ह्ये काय हाय?"

"पहाटे आम्ही प्रार्थना करतो," आर्ने म्हणाले. "रोज पाच-सहा लोकांसाठी."

"आन् टिक?"

"टिक म्हणजे काम झालं."

"काम झालं," हंबीरराव सावकाश म्हणाले आणि त्यांनी वही उघडली.

आपलं बोलणं कसं ऐकू आलं ते आर्नेंच्या लक्षात आलं. ते घाईने काही सांगू लागले, पण अव्वांचा आवाज त्यांच्यावर चढला. "माझ्या नावाफुडं टिक हाय. मला इचारलं व्हतं का? कसलं काम झालंय माझं?"

"तुमचा गुडघा, अव्वा," सोल्वेग म्हणाल्या. "ऑपरेशन चांगलं झालं."

"ह्ये तुमी आत्ता सांगताय," हंबीरराव म्हणाले. त्यांचं बोट खाली सरकून माझ्या नावावर थांबलं. "ह्ये सांगा. रक्षिता. अकरा नोव्हेंबर, सहा एप्रिल. टिक न्हाय. ह्यात काय?"

सोल्वेगनी मान हलवली.

"गुडघ्याचं लगेच सांगितलासा की!"

"ते तिने मला विश्वासाने सांगितलं आहे. मी बोलू शकत नाही."

"सोल्वेग," आर्ने हळूच म्हणाले.

"नाही."

"मग मी दिसतंय त्ये लिवतो. गल्लीतल्या छत्तीस लोकांची यादी, टिका मारल्याली. मावशी, तुमचं काय?"

"मी न्हाय सही करत," अव्वा म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुला न्हेलंतं काय गं त्यांच्या चर्चला?"

गेल्या वर्षीचा अकरा नोव्हेंबर घरात सगळ्यांना माहीत होता. त्यानंतर मी कॉलेजातली नोकरी सोडावी म्हणून अव्वा दोन महिने माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. दिवसभर उभं राहून शिकवायचं, वर त्या केमिकलचा वास, त्यानंच झालं, असं त्यांचं म्हणणं. यंदाचा सहा एप्रिल फक्त मला, माझ्या नवऱ्याला आणि मला रिक्षातून दवाखान्यात नेणाऱ्या सोल्वेगना माहीत होता.

हंबीरराव लिहू लागले होते.

"लिहू नका," मी म्हणाले. "दोन्ही वेळा माझा गर्भ गेला. त्या तारखा आहेत. टिक नाही, कारण मूल झालेलं नाही."

पेन थांबलं. दूध उतू जायला आलं होतं. आर्नेंनी गॅस बंद केला.

"दोन्ही येळा?" अव्वांनी विचारलं.

"हो."

अव्वांनी तक्त्यावरच्या दोन्ही तारखांवर एकेक करून बोट ठेवलं. मग हंबीररावांपुढे हात केला. "कुठं करायची सही?"

हंबीररावांनी लिहिलेली ओळ खोडली. "आजारपाजारासाठी प्रार्थना करत्यात, आसं लिवतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "झुंबरबाईला इचारून घेतो जाताजाता."

सही झाली. ते खाली गेल्यावर अव्वा सोल्वेगना म्हणाल्या, "माझं नाव काढा. गुडघा बरा झालाय. हिचं ऱ्हाऊ दे."

सोल्वेग रडत होत्या. मला रडू येत नव्हतं.

उतरताना तिसऱ्या पायरीवर अव्वा थांबल्या. "सहा एप्रिल. सांडग्याचं पातेलं गच्चीवर न्हेलंतंस तू. मीच न्यायला लावलंतं."

"ते आदल्या दिवशी. आणि पातेलं उचलल्याने तसं होत नाही, अव्वा. बहुतेक वेळा मुळात गर्भातच दोष असतो."

"पातेल्यानं न्हाय होत?"

"नाही. उभं राहून शिकवल्यानेही नाही."

त्यांनी कठडा धरला, एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. "कॉलेजचं उद्या बघू," त्या म्हणाल्या. त्यात 'सोड' हा शब्द पहिल्यांदाच नव्हता.