कोमट पाण्याचं गाणं

ड्रम वाजवणारा माणूस मी, आणि शिकागोत त्या रेकॉर्डवाल्यांनी माझा ड्रमच दाराबाहेर ठेवायला लावला. विंकलर म्हणून गोरा साहेब होता तिथला. म्हणाला, "तू दणका दिलास की सुई उडते आणि आवाज कोरायचं मेण फुकट जातं." मला वाजवायला एक लाकडी ठोकळा दिला, भिंतीपाशी बसवलं. म्हणून त्या दिवशी जे झालं ते मी नीट बघितलं. ड्रम नसलेल्या ड्रमवाल्याला दुसरं काम काय असतं?

गाणार होती लुवेनिया. अलाबामात आमचा तंबूचा खेळ फिरायचा, त्याची मुख्य बाई. आधी विदूषक, मग दोरीवरचा माणूस, आणि शेवटी लुवेनिया आणि तिचे ब्लूज, म्हणजे आमची दुःखाची गाणी. तिनं तोंड उघडलं की मागच्या बाकावरची रडकी पोरं गप्प व्हायची. पियानोवर थॅड. लग्नबिग्न काही नव्हतं केलं दोघांनी, पण थॅडच्या शर्टांच्या धुतलेल्या सुट्या कॉलरी लुवेनियाच्या पेटीत असायच्या, आणि त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही.

आता त्या गाण्याचं सांगतो. लुवेनियाची आई टेम्पी गावाकडे आमच्या लोकांची मयतं धुवायची. धुताना एक गाणं म्हणायची, तिच्या आईकडून आलेलं.

पाणी कोमट केलंय बाई, घाई नको करू,
लांबून चालून आलीस ना, आधी पाय धुऊ.

असं चालत चालत शेवटी एक जागा यायची. तिथं श्वास घ्यायचा आणि गेलेल्याचं नाव म्हणायचं. नाव घेतलं की तो माणूस निघाला. मयत समोर असेल तरच हे गाणं, नाहीतर नाही. कपडे वाळत घालताना लुवेनियानं नुसतं गुणगुणलं, तर म्हातारी ओला टॉवेल पाठीत हाणायची.

थॅडला ते गाणं माहीत होतं, कारण त्याचा भाऊ रूफस गिरणीत मेला तेव्हा लुवेनियानंच त्याला धुतलं होतं. थॅड बाहेर ओट्यावर बसून ऐकत होता.

तर शिकागो. खोलीत उकाडा असा की जीव नको. मेण मऊ राहावं म्हणून खिडक्या बंद. भिंतीतून एक भलामोठा कर्णा बाहेर आलेला, त्यात तोंड घालून गायचं. दोन गाणी झाली. मग विंकलर म्हणाला, "कर्णा जरा हलवलाय. अजमावायला काहीतरी म्हण. ते मेण आम्ही तासून टाकतो, म्हणजे आवाज पुसला."

"काय म्हणू?" लुवेनियानं थॅडला विचारलं.

थॅडनं मान वर केली नाही. "पाण्याचं म्हण. त्यात खालचे वरचे सगळे सूर येतात."

"डोकं फिरलंय का तुझं? इथं कोण मेलंय?"

"मेण तासणार आहेत, लुव्ही. म्हणजे म्हटलंच नाहीस असं समज." मग हळूच म्हणाला, "आणि रूफसनंतर मी ते ऐकलेलं नाही."

भाऊ मेलेला माणूस असं म्हणाला तर कुठली बाई नाही म्हणेल? लुवेनियानं डोळे मिटले आणि म्हटलं. नावाची जागा आली तेव्हा श्वास घेतला आणि गप्प राहिली. जिवंत माणसाचं नाव कसं घेणार? त्या रिकाम्या जागेत थॅडनं पियानोवर एक टुणटुण वाजणारा तुकडा टाकला. ठुमकत जिना उतरावा तसा. मला तेव्हा वाटलं, वा रे पठ्ठ्या. माणूस नवीन गाण्याला पियानोवर बसला की बोटं जरा चाचपडतात. थॅडची चाचपडली नाहीत. हे मला तेव्हा दिसलं, कळलं मात्र नंतर.

कापसाला फुलं आली तेव्हा आमचा तंबू लुवेनियाच्या गावाला लागला. ती, थॅड आणि मी, तिघं आईकडे निघालो होतो. वाटेत फर्निचरचं दुकान. तिथं पलंग, कपाटं, ग्रामोफोन आणि रेकॉर्डी असं सगळं मिळायचं. दुकानदार दार उघडं टाकून रेकॉर्ड वाजवायचा, म्हणजे गिऱ्हाईक गोळा होतं.

लुवेनियाचाच आवाज. पाणी कोमट केलंय बाई.

दारात पाचपंचवीस माणसं उभी, पाय ठेका धरतायत. नावाची जागा आली, तसा एक हमाल ओरडला, "मालकाचं खेचर!" हसून मुरकुंडी सगळ्यांची. शेजारचा म्हणाला, "गेल्या खेपेला माझ्या सासूचं नाव घेतलं, अजून चालतीये म्हातारी." पुन्हा हशा. तो खेळच झाला होता. घरोघर लोक त्या जागेत नावं घालायचे.

लुवेनिया हलली नाही. रेकॉर्ड संपली, तरी उभीच.

"तासलं नाही वाटतं त्यांनी," थॅड म्हणाला. "मला काय माहीत."

"तो तुकडा कधी बसवलास?"

"कुठला?"

"मी श्वास घेते तिथला."

थॅड टोपी फिरवत राहिला. "हे बघ, लुव्ही. प्रत्येक बाई तीच तीच गाणी म्हणते. विंकलरला कुणाकडे नसलेलं हवं होतं. तुला सरळ विचारलं असतं तर तू म्हटलंच नसतंस."

"नसतंच म्हटलं."

"मग? नाव झालं ना तुझं. ती माणसं बघ."

"मी तुझ्या भावाला धुतलं, थॅड."

मी मध्ये पडायला गेलो तर ती म्हणाली, "लेम, तू माझ्याबरोबर चल. याला राहू दे रेकॉर्ड ऐकत."

टेम्पी म्हातारी ओट्यावर शेंगा मोडत बसली होती. लेक एवढ्या महिन्यांनी आली, पण उठली नाही. "कोण मेलं?" म्हणाली.

"कोणी नाही, आई."

"मग कुणासाठी म्हटलंस?"

"फसवलं मला. म्हणाले, पुसून टाकणार."

"असेल. पण आवाज तुझाच आहे ना गं?" म्हातारी शेंगा मोडतच होती. "पलीकडची ओडेसा ते म्हणत चुलीपाशी नाचते. माझ्या वेळेला काय म्हणशील मग? नाचायचं गाणं?"

"हेच म्हणीन. तुझं नाव घेऊन. पहिल्यासारखं म्हणीन, आई, बघशील."

"मी कशी बघणार?" म्हातारी म्हणाली. "मी मेलेली असेन." मग शेंगांचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "तू काय उभा आहेस खांबासारखा? मोड."

थॅड त्या दिवसापासून आमच्या तंबूत नाही. दुसऱ्या बाईबरोबर वाजवायला लागला. लुवेनिया खेळात सगळं म्हणायची, लोक पाण्याचं मागायचे तेवढं सोडून. शिट्ट्या मारायचे, शेंगदाण्याची टरफलं फेकायचे. ती दुसरं सुरू करायची. मला एकदा म्हणाली, "एकदाच म्हणायचंय लेम, आणि ते नीट."

कापूसवेचणी संपत आली तेव्हा म्हातारी गेली. सकाळी निरोप आला, दुपारी आम्ही पोचलो. बायका आत, पुरुष बाहेर ओट्यावर. थोड्या वेळानं थॅड आला. कुणी बोलावलं नव्हतं. पण मयताच्या दारातून माणसाला हाकलत नाहीत, म्हणून मी सरकलो आणि पायरीवर जागा दिली. तो गुडघ्यावर हात ठेवून बसला.

आत पाणी ओतल्याचा आवाज आला. मग लुवेनिया. पाणी कोमट केलंय बाई, घाई नको करू. अगदी हळू, रेकॉर्डवर होतं त्याच्या निम्म्या लयीत. ओट्यावरच्या माणसांनी टोप्या काढल्या. मला वाटलं, जमलं. म्हातारे, ऐक, जमलं तुझ्या पोरीला.

नावाची जागा आली. लुवेनियानं श्वास घेतला.

आणि तेवढ्यात आतून कुणीतरी तो पियानोचा तुकडा गुणगुणला. टुण टुण, जिना उतरल्यासारखा. ओडेसाचा आवाज. बिचारीच्या मनात काही नव्हतं. शंभरदा चुलीपाशी ऐकलेलं, तोंडातून आपोआप निघालं. बाहेर माझ्या शेजारी थॅडची बोटं गुडघ्यावर तेच वाजवत होती. त्याचं त्यालाही कळलं नाही. मी त्याच्या हातावर हात दाबला तेव्हा थांबली.

आत गाणं थांबलं. मग ओडेसाचं रडणं. "माफ कर गं, लुवेनिया, माफ कर."

"तुझी चूक नाही," लुवेनिया म्हणाली. "टॉवेल दे इकडे."

पुढं गाणं नाही. नुसता फडकं पिळल्याचा आवाज. बऱ्याच वेळानं ती बोलली. गायली नाही, बोलली. "टेम्पी," म्हणाली. एवढंच.

मग पाण्याचं घमेलं घेऊन बाहेर आली. ते पाणी ओट्याखालच्या झाडाला घालतात. थॅड पायरीवर वाट अडवून बसलेला. उठून काहीतरी बोलायला गेला.

"पाय बाजूला घे, थॅड," ती म्हणाली.

त्यानं पाय घेतले. तिनं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं आणि रिकामं घमेलं घेऊन आत गेली.