लहानी, मोठी आणि अब्बांची पखाल

माझ्या नवऱ्याला टाकी आणि होडी यांतला फरक कळत नाही, हे मला लग्नाआधीच विचारून घ्यायला हवं होतं. पण मुलगी बघायच्या कार्यक्रमात असले प्रश्न कोण विचारतं? गयासचा धंदा फायबरच्या पाण्याच्या टाक्यांचा, शेड चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत. त्र्याण्णव साली वाळूजकडं रोज नवा कारखाना उभा राहत होता आणि प्रत्येकाला गच्चीवर टाकी हवी होती. त्यामुळं गयास स्वतःला मोठा कारखानदार समजायचा. मी चौथीच्या पोरांना मराठी शिकवायचे आणि घरी येऊन त्याला अक्कल शिकवायचे.

उन्हाळ्यात वाळूजच्या एका शेटजींनी मुंबईहून शिडाच्या दोन जुन्या फायबरच्या होड्या आणवल्या. एक एकोणीस फुटी, दुसरी एकतीस फुटी. त्यांना पैठणच्या नाथसागरात हवा खायची हौस आली होती. "दोन्ही नीट कर, त्यातली एक तुझी," ते गयासला म्हणाले. "कुठली ते तूच ठरव."

गयासला आनंद झाला तो अब्बांसाठी. अब्बा म्हणजे माझे सासरे, कमरोद्दीन. निजामाच्या काळापासून ते शहरात नळ येईपर्यंत त्यांनी पखालीनं घरोघर पाणी भरलं. ओलं कातडं वाहून वाहून पाठीला बाक आला. त्यांची एकच इच्छा उरली होती. "जन्मभर पाण्याला मी नेलं," ते म्हणायचे, "एकदा पाण्यानं मला न्यावं." पंच्याहत्तरी उलटलेली, चार पावलांत धाप लागायची. पुढच्या उन्हाळ्याची खात्री डॉक्टरही देत नव्हते. म्हणून होडी निवडताना चूक करून चालणार नव्हतं.

शेडमागच्या मोकळ्या प्लॉटांवर बिरू मेंढरं चारायचा. तो आणि त्याची बायको सुगंधाबाई पहिल्याच दिवशी होड्या बघायला आले. सुगंधाबाई शिडी लावून मोठीत शिरली. आत दोन पलंग, कपाट, शेगडी, आणि शेगडीला लागून संडास. ती नाकाला पदर लावूनच बाहेर आली.

"घर लई झ्याक हाय, पर चुलीला खेटून संडास? कुन्या येड्यानं बांधलं?" मग तिनं लहानीत डोकावून पाहिलं. तिथं बसायला एक फळी आणि वाकून शिरायची एक खोपटी, बस्स. "हितं तर कोंबड्यासुदिक रुसतीन."

बिरूनं मात्र बाजारात एडका पारखावा तशा दोन्ही पारखल्या. आधी चापट मारली, मग आडवा होऊन पोटाखाली पाहिलं. "मोठीचं पोट खाली लई लोंबतंय, शेट. उथळ पान्यात रुतून बसंल. लहानीच घ्या."

"तुला मेंढरं कळतात, होड्या नाय," गयास म्हणाला.

"आणि तुम्हाला?" मी विचारलं.

"मला फायबर कळतं."

आणि तिथंच सगळा घोळ होता. टाकीवाल्याला भोक दिसलं की ती गळती. गयासनं दोन्ही होड्यांची भोकं शोधून शोधून बुजवली. लहानीच्या बुडाला मधोमध एक लांब फट होती आणि त्यातून एक लाकडी पाती खाली सोडलेली होती. ती त्यानं उपसून काढली, शेडच्या मोरीवर झाकण म्हणून टाकली आणि फट अशी लिंपली की हात फिरवूनही कळू नये.

मग तपासणी. टाकी तपासायची रीत एकच, ती काठोकाठ भरायची. दोन दिवस नळी लावून गयासनं दोन्ही होड्या आतून भरल्या आणि कोरडं फडकं घेऊन बाहेरून पुसत फिरला. एक थेंब गळेना.

"अजी, होडी का पानी बाहर रहता!" मी ओरडले.

"अंदर का बाहर नहीं आया, तो बाहर का अंदर कैसा जाता?"

या उत्तराचा माझा राग अजून गेलेला नाही.

अब्बांना आडवं होता येईल म्हणून गयासचं मन मोठीवर बसलं. तरी पाण्यात बघूनच ठरवू, म्हणून शुक्रवारी दोन्ही ट्रकांवर चढल्या. अब्बा हट्टानं लहानीत बसले आणि बिरू क्लीनरशेजारी. क्रांती चौकात नामांतराचा मोर्चा लागला. निळे झेंडे संपता संपेनात. अब्बांनी होडीतूनच सुरई वाकवून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजायला सुरुवात केली. किती वर्षांनी त्यांचा हात असा चालताना दिसला.

"उशीर होतोय रे बेटा," ते एका पोराला म्हणाले.

"आम्ही पंधरा वर्षं चालतोय, बाबा," तोंड पुसत तो म्हणाला. "तुम्हाला तासभर जड नाय जायचा. जयभीम."

"जयभीम. अजून घे," अब्बा म्हणाले.

नाथसागराचं पाणी उन्हानं लांब सरकलं होतं. शेटजींच्या क्रेननं मोठी पाण्यात सोडली, तशी ती बुड टेकवून कुशीवर कलंडली. आतून शेगडी आपटल्याचा आवाज आला. बिरूनं बिडी पेटवली, पण ती फारच सावकाश पेटवली.

लहानी मात्र तरंगली. गयास रडायलाच लागला. तिथल्या सांडू कोळ्यानं अब्बांना पाठीवर घेतलं, अगदी पखाल घ्यावी तसं, आणि होडीत ठेवलं. मीही चढले. सांडूनं शीड उभारलं, वारा भरला आणि होडी चक्क आडवी चालू लागली.

"आरं! तोंड धरनाकडं अन् चालतीय बाभळीकडं!" सांडू किंचाळला. "हिला सरळ धरनारी खालची पाती कुठंय?"

"मोरीवर!" काठावरून गयास ओरडला.

मी त्याला तिथूनच काय काय म्हणाले ते चौथीच्या बाईंना शोभणारं नव्हतं. म्हाताऱ्याची एक इच्छा, आणि तीही या माणसानं लिंपून टाकली! माझे डोळे भरून आले. सांडू वल्ह्यानं होडी वळवायला धडपडत होता आणि ती बाजूबाजूनं बाभळीच्या काठाकडं निघालीच होती.

अब्बांनी पाण्यात हात सोडला होता. वाकलेली पाठ फळीला टेकली होती.

"वल्हं ठेव, सांडू," ते म्हणाले. "मी पाठीवर घेऊन निघायचो, तवा पाण्याला कधी विचारलं व्हतं का, कुठं जायचंय म्हणून?"