आधी क्लेश, मग दुखणं

कळंबला बळीराम सरांच्या योगवर्गात एक नियम होता: दुखणं सांगायच्या आधी क्लेश सांगायचा. सर संस्कृतचे रिटायर्ड मास्तर. त्यांच्या मते शरीर हे कार्य, चित्त हे कारण. गुडघा दुखतो तो चित्तातल्या पाच क्लेशांपैकी एकामुळे: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. सगळ्यांसमोर उभं राहून आपला क्लेश ओळखायचा. सर "बरोबर" म्हणाले की मगच कुठे दुखतं ते बोलायचं. मी सईदा, लेडीज टेलर. मशीनवर बसून माझी कंबर धरते. मी दर वेळी "अस्मिता" म्हणून मोकळी व्हायची. मीपणा कोणात नसतो?

हा नियम आपण घरच्या माणसालाही लावतो, याचं सरांना फार कौतुक. एका सकाळी त्यांची बायको तानाबाई वर्गात मध्येच उभी राहिली.

"अहो, माह्या उजव्या हाताले मुंग्या येऊन राह्यल्या. सकाळी लोटा सुटला हातातून. मले दवाखान्यात नेता का?"

"लोटा नाही सुटला, लक्ष सुटलं. आधी क्लेश."

"मले नाही समजत थे."

"चाळीस वर्षं माझ्या घरात राहून?"

"द्वेष?"

"नाही."

"मले भेव वाटून राह्यलं, अहो. मरायचं भेव."

"त्याला काय म्हणतात?"

"अभिनिवेश," ती हळूच म्हणाली.

"मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

ती ओरडली, पण शब्द तोंडातच लडखडला. वर्ग हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

"बरोबर," सर म्हणाले. "जिवाला चिकटून राहायची खोड. कारण कळलं की कार्य आपोआप जातं. झोप आता, शवासन."

शवासनातून सगळे उठले, ती उठली नाही. "बघा, अशी शिथिलता पाहिजे," सरांनी बोट दाखवून सांगितलं. दहा मिनिटं आम्ही तिची शिथिलता बघत बसलो. मग तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळायला लागली.

लकवा. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर हात वाचला असता. पुढच्या सोमवारी सर वर्गात म्हणाले, "तिचा क्लेशच मोठा होता." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी वर्ग सोडला, पण तोंडावर काही बोलले नाही. तेवढी हिंमत असती तर त्या दिवशी हसलेच नसते.

चार महिन्यांनी मी तानाबाईचे ब्लाउज द्यायला गेले. डाव्या हातानं लावता यावीत म्हणून पुढून टिचबटणं लावली होती. दार उघडंच होतं. ती पलंगावर उशीला टेकून बसलेली. सर खाली जमिनीवर, भिंतीला पाठ, घामानं चिंब, हात छातीवर.

"सईदा... छातीत कळ... गाडी बोलव."

मी मोबाईल काढला. लकव्यानंतर तानाबाईचं बोलणं जड झालं होतं, निम्मं कळायचं नाही. पण हे कळलं.

"आदी... क्लेश."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तानाबाईकडे.

"तानी, अगं, जीव चाललाय माझा."

तिला घाई नव्हती.

"अविद्या," सर म्हणाले. तिनं मान हलवली, नाही. "अस्मिता... द्वेष..." नाही. माझा अंगठा काचेवर होता. एक, शून्य, आठ, कितीसा वेळ लागतो? मला त्यांची कीव येत होती, आणि तरी अंगठा हलत नव्हता.

सर रडायला लागले. ओठातल्या ओठात म्हणाले, "अभिनिवेश."

"मोठ्यानं," तानाबाई म्हणाली.

सर ओरडले. रस्त्यावरच्या सायकलवाल्यानं थबकून आत पाहिलं.

"बरोबर," ती म्हणाली.

मग मी नंबर लावला.