बालवाडीची तीन कुलपं

गावाने एकदा मनावर घेतलं की काय होतं, ते बालवाडीच्या बाईंनी आठ दिवसांत पाहिलं. सुताराने गुडघाभर उंचीची बाकं केली. शिंपीणताईंनी चिंध्या भरून बाहुल्या शिवल्या. बालवाडी समितीच्या अध्यक्षांनी खोली रंगवली, तीही स्वतःच्या हाताने, चष्म्यावर शिंतोडे उडवून घेत. बाई प्रत्येकापुढे हात जोडत फिरल्या. हीच मंडळी पुढे डोक्याला ताप होणार आहेत, हे त्यांना तेव्हा काय ठाऊक!

पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन होईपर्यंत मुलांनी आत पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. भिंती मळतील ना! शिवाय काम तिघांचं, म्हणून दाराला कुलपंही तीन. एकाच्या मनात आलं आणि उघडलं, असं व्हायला नको. पाहुण्यांनी दोनदा तारीख बदलली. महिना झाला तरी ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ती पोरं ओसरीवर बसून खिडकीच्या गजांतून आपल्याच बाहुल्या बघत होती.

त्यांतल्या एकीला बाई चिमणी म्हणत. चार वर्षांची झाली, पण तोंडातून शब्द नाही. कान ठीक होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मुलांत खेळू द्या, हातात वस्तू द्या. तिची आई वीटभट्टीवर कामाला, आणि शनिवारी ट्रक दोघींना लांबच्या भट्टीवर नेणार होता. तिथे ना शाळा, ना सोबतीला मुलं. बाईंनी आईला गळ घातली, "पोरीला आजीपाशी ठेव."

"निघायच्या आधी तिला त्या खोलीत खेळताना बघू दे," आई म्हणाली. "रमली तर ठेवते."

शुक्रवारभर बाईंनी चपला झिजवल्या. सुतार म्हणाला, "माझी किल्ली घ्या की! पण शिंपीणताईंना विचारलंत का?" शिंपीणताई म्हणाल्या, "मी कशाला अडवू? पण अध्यक्षांच्या कानावर घाला हं." आणि अध्यक्ष गेले होते पाहुण्यांना आमंत्रण द्यायला, किल्ली खिशात घालून. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या पुन्हा सुताराकडे गेल्या. "बिजागऱ्या काढा, दार उतरवा."

"स्वतः बसवलेलं दार, बाई? बरं दिसतं का ते?"

शनिवारी सकाळी दोन कुलपं निघाली, तिसरं तसंच लटकत राहिलं. अध्यक्षांचा पत्ता नव्हता. आई गाठोडं घेऊन ओसरीवर उभी होती आणि रस्त्यावरून ट्रकवाला हॉर्न मारत होता. चिमणीने गजांतून हात आत घातला. बाहुली वीतभर लांब राहिली. तिने खांदा गजाला टेकवून जोर लावला, मग मागे वळून बाईंकडे पाहिलं.

"उघड," ती म्हणाली.

सुतार आ वासून बघत राहिला. आईच्या हातातलं गाठोडं सुटलं. पोरीला उचलून ती हसायला लागली, रडायला लागली. बाईंचाही ऊर भरून आला. "बघितलंस? आता ठेव तिला."

"आता कशाला, बाई?" आईने डोळे पुसले. "बोलली की! हिला सोडून जायचं म्हणून रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता माझ्या. फार केलंत तुम्ही."

"अगं, एका शब्दाने काय होतंय? आत्ता कुठे सुरुवात..."

पण तोवर ती निघालीसुद्धा. इतक्या आनंदात बाईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या आनंदावर ओरडायचं तरी कसं? आईच्या खांद्यावरून चिमणी मागे बघत होती. "उघड, उघड," एवढंच म्हणत होती. ट्रक वळला.

बाईंनी अंगणातला दगड उचलला आणि कुलपावर घातला. "अहो, अध्यक्ष येतीलच इतक्यात!" सुतार म्हणाला. बाईंनी ऐकलं नाही. चौथ्या घावाला कुलूप तुटलं, मुलं ओरडत आत घुसली. हे काल का केलं नाही, म्हणून बाई पायरीवर बसून रडल्या.