वळणावरचा काटा

खुर्ची वर चढताना जिन्याच्या वळणावर आली, की बॅटरीचा काटा धाडकन लाल पट्ट्यात कोसळायचा आणि शिट्टी वाजायची. खुर्ची थांबवली की काटा पुन्हा हिरव्यात! "काम थांबलं की लगेच ठणठणीत. नाटकी आहे मेली," सासरे म्हणायचे.

ते पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे. देह आडदांड, आवाज त्याहून मोठा, गुडघे मात्र संपावर गेलेले. म्हणून तर जिन्याच्या कडेने रुळावरून वर-खाली सरकणारी ही बॅटरीची खुर्ची बसवली होती. पण एकदा घर पाहुण्यांनी भरलेलं असताना वर जाताजाता शिट्टी वाजली, सासऱ्यांनी घाबरून दाबून धरलेलं बटण सोडलं आणि शेजारच्या दोघांनी त्यांना पोत्यासारखं उचलून वर नेलं. तेव्हापासून ते कुणाला खाली दिसलेच नव्हते. ताट वर जायचं, रिकामं खाली यायचं.

शेवटी नवरा म्हणाला, "ताईचं घर तळमजल्यावर आहे. रविवारी बाबांना तिकडे सोडून येतो."

सूनबाईला ते मुळीच नको होतं. सासऱ्यांशी वाद घातल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नसे. शिवाय तो काटा तिला स्वस्थ बसू देईना. ती बॅटरीच्या स्कूटर दुरुस्त करायची, आणि चढावर स्कूटरचा काटाही असाच लोळण घेतो हे तिला ठाऊक होतं. मोटर जोर लावते तेव्हा बॅटरीचा दाब क्षणभर पडतो. हा काटा बिचारा तेवढाच दाब बघतो आणि बॅटरी संपली म्हणून बोंब ठोकतो. खरं कळायला बॅटरीतून किती वीज बाहेर गेली, ती मोजायला हवी.

तिने वर्कशॉपमधून तसा मोजणारा मीटर आणून बसवला. गेलेली वीज तर तो मोजायचाच, शिवाय मोटरने एका वेळी जास्तीत जास्त किती जोरात वीज ओढली, तो सगळ्यात मोठा ओढाही लक्षात ठेवायचा. हिशोबात घोळ नको म्हणून तिने चार्जर काढला, सकाळी स्वतः बसून एक फेरी मारली, आकडे बघितले आणि कामाला गेली.

संध्याकाळी बघते तर बॅटरी अजून बरीच भरलेली होती, पण तिच्या फेरीच्या कितीतरी पट वीज गेली होती! मीटरच येडा निघाला की काय? खुर्ची जागेवर ठेवून तिने बराच वेळ पाहिलं. आकडा हलला नाही, म्हणजे गळती नव्हती. मग तिने मोठा ओढा बघितला. तिच्या फेरीपेक्षा तो चांगलाच जास्त होता. वजन जास्त तर ओढा जास्त, म्हणजे खुर्चीत तिच्याहून जड कुणीतरी बसलं होतं. नवरा दिवसभर ऑफिसात. आणि चोर काही जिन्यावर झोके घेत बसत नाहीत.

ती वर गेली. "बाबा, दुपारी फिरायला गेला होतात?"

सासऱ्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"रोज जातो," ते शेवटी म्हणाले. "खाली जातो, वर येतो, पुन्हा खाली जातो. बघतो जमतंय का."

"एकटे? अडकलात तर?"

"अडकलो तर अडकलो. बघायला कुणी नसतं ना."

इतके दिवस ती बॅटरीचं दुखणं शोधत होती, बाबांचं वेगळंच होतं.

"शिट्टी वाजल्यावर काय करता?"

"थांबतो. काटा वर आला की पुढे. मग पुन्हा थांबतो."

"थांबू नका. तो काटा खोटारडा आहे. हा नवा आकडा बघा, बॅटरीत अजून भरपूर दम आहे. चला, चहा खाली घेऊ."

"तू बघत बसणार."

"नाही बघणार. पाठ करून बसते."

खाली ते सहज उतरले. चहा झाला, साखरेवरून वादही झाला. मग ती पहिल्या पायरीवर जिन्याकडे पाठ करून बसली. मागे मोटर घुरघुरू लागली. वळणावर शिट्टी वाजली. तिने पदराचं टोक मुठीत आवळलं, पण मान वळवली नाही. शिट्टी वाजत राहिली आणि मोटरही चालत राहिली.

मग वरून कवायतीचा जुना आवाज आला, "वळलीस का?"

"नाही!"

"मग रविवारी माझं ताट खालीच वाढ. आणि त्याला सांग, मी कुठेही जाणार नाही."