मक्याचा केक, खेप अकरावी

ओव्हनमधून काढलेल्या भांड्यावरची फॉइल उचलली, की तिच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब दिसत. कडेला टपोरे, मधे बारीक. दहाव्या खेपेला मधे जवळजवळ नव्हतेच. तिने घड्याळ पाहिलं, तिसरं मिनिट भरताच एक चमचा तोंडात घातला आणि वहीत लिहिलं, ‘चव बरोबर. पण कोरडा, रवाळ.’

ही वहीची शिस्त नोकरीतली. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत ती रसायनतज्ज्ञ होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं, आणि नमुना हातात आला की वेळ न दवडता तपासायचा. त्याच रीतीने दहा शनिवार ती मक्याचा केक करत होती. घराजवळच्या मेक्सिकन पद्धतीच्या रेस्टॉरंटमध्ये जेवणाच्या ताटलीत, भात आणि राजमा यांच्या मधोमध, तो यायचा. आइस्क्रीमच्या चमच्याने काढलेला ओलसर, गोडसर, पिवळा गोळा. ती आणि तिचा नवरा दर शनिवारी दुपारी तिथे जेवत. नवरा आपल्या ताटलीतला गोळाही न बोलता तिच्याकडे सरकवायचा. ते रेस्टॉरंट आता बंद झालं होतं, आणि नवरा दोन वर्षांपासून दुसऱ्या शहरात राहत होता.

भांडून गेला नव्हता. “थोडं वेगळं राहून बघू,” म्हणाला आणि दोन बॅगा घेऊन गेला. तेव्हापासून जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या खुर्चीवर ती इस्त्रीचे कपडे ठेवायची. आठवडा कामात निघून जाई. शनिवारी मात्र घर खायला उठायचं.

आता त्याला परत यायचं होतं. हे त्याने स्वतः विचारलं नव्हतं, थोरल्या बहिणीकरवी विचारलं होतं. त्यालाही अडीच महिने झाले.

“अगं, हो म्हण नाहीतर नाही म्हण,” वन्सं फोनवर म्हणाल्या. “हे भिजत घोंगडं किती दिवस?”

“सांगते, वन्सं.”

“केव्हा? माझे दात पडल्यावर? माझा भाऊ म्हणून मी त्याची वकिली करत नाहीये हो. लहानपणापासून गाढवच आहे तो. पण गाढवालासुद्धा कळायला हवं ना, गोठ्यात जागा आहे की नाही.”

ती हसली. पण आपल्याला नक्की कशाची उणीव भासते, त्याची की त्या शनिवारच्या जेवणाची, हेच तिला ठरवता येत नव्हतं. दोन्ही एकदमच गेली होती. त्यातलं एक तरी परत आणता आलं, तर दुसऱ्याचं वजन कळेल, असा तिचा हिशोब. हा हिशोब ती कुणाला सांगू शकत नव्हती. वन्सं तर हसून हसून लोळल्या असत्या.

त्या मंगळवारी ती एका कारखान्यात पिण्याच्या पाण्याचे नमुने घ्यायला गेली. कॅन्टीनमधला आचारी आइस्क्रीमच्या चमच्याने भात वाढत होता. मनगटाला एक झटका, मग चमचा ताटलीच्या कडेवर एकदाच टेकवायचा. रेस्टॉरंटच्या काउंटरमागे दर शनिवारी दिसणारा तो झटका तिने ओळखला.

“तुम्ही त्या मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये होतात ना?”

“नऊ वर्षं.” त्याने मान वर केली. “खिडकीजवळचं टेबल. दोन गोळे खाणाऱ्या ताई.”

तिने आपली कृती घडाघडा सांगितली. चुन्याच्या निवळीत शिजवून दळलेलं मक्याचं पीठ, लोणी, साखर, दाणे अर्धे वाटलेले आणि अर्धे अख्खे, आणि भांडं गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून पन्नास मिनिटं.

“सगळं बरोबर आहे की. मग घोडं कुठे अडतंय?”

“रवाळ लागतो.”

“खाता केव्हा?”

“काढल्यावर तिसऱ्या मिनिटाला. दर वेळी.”

आचाऱ्याने चमचा खाली ठेवला. “ताई, ओव्हनमधून निघालेला केक आम्हीसुद्धा कधी तोंडात घातला नाही. सकाळी दहाला भाजायचो. मग झाकून मंद वाफेवर ठेवून द्यायचा. तुम्ही यायचात दीडला. तीन तास मुरलेला केक खात होतात तुम्ही, आणि घरी ताजा शोधताय.”

परतताना गाडीत तिला स्वतःचंच हसू आलं. लोणी, साखर, पाणी, आच, दहा खेपांत सगळं बदलून झालं होतं. तिसरं मिनिट बदलायचं मात्र सुचलं नव्हतं.

शनिवारी तिने दहाच्या आत केक भाजला, फॉइल घट्ट लावली आणि भांडं वाफेवर ठेवलं. दीड वाजता दोन गोळे काढून ती टेबलाशी बसली. पहिला घास जिभेवर विरघळला. तोच होता, तंतोतंत. तिने वहीत लिहिलं, ‘जमला.’

आणि मग ते सगळे शनिवार तिला आठवले. हवेहवेसे नव्हे, होते तसे. खिडकीजवळचं टेबल. समोर फोनवर बातम्या वाचणारा तो. गोळा पुरवून पुरवून खाणारी ती, कारण चमचा चालू असला की गप्प बसणं उघडं पडत नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरल्याचं तिने त्याच टेबलावर सांगितलं होतं. तो “हं” म्हणाला होता. संध्याकाळी त्यानेच विचारलं, “आईंचं काहीतरी म्हणत होतीस ना?” त्यात रागवण्यासारखं काही नव्हतं. तो वाईट माणूस नव्हताच.

आपल्या एकटेपणाची सुरुवात ती तो गेला त्या दिवसापासून धरत आली होती. तारीख चुकली होती. एकटी ती त्या टेबलावरही होती. खाणं चवदार होतं, म्हणून कळलं नव्हतं.

तिने दुसरा गोळा संपवला, ताटली धुतली, हात पुसले. फोन वन्संना न लावता त्यालाच लावला.

“बोल,” तो म्हणाला. आवाजात घाई होती, थोडी भीतीही.

“मक्याचा केक जमला.”

“कसला केक?”

“शनिवारी मिळायचा तो. पिवळा.”

“हां, तो. मला नाही आवडायचा तो. ताईने सांगितलं का तुला काही? मी विचारलं होतं...”

“सांगितलं,” ती म्हणाली. “तू परत येऊ नकोस. मी एकटीच राहीन.”