आठवतंय तोवर

सकाळी साडेदहाला इस्पितळाचे संगणक सांभाळणाऱ्या लामुनूनं फाईलींची यादी मागितली, आणि पडद्यावर एवढंच आलं की डिस्क वाचता येत नाही. तिनं पुन्हा मागितली. पुन्हा तेच.

लापेनीच्या इस्पितळात मात्र सगळं चालू होतं. औषधं देणारी खिडकी चालू, एक्स-रे चालू, बाळांच्या नोंदी चालू. सर्व्हरची पेटी होती एकच, पण तिच्या पोटात सहा आभासी संगणक नांदत होते आणि प्रत्येकाला वाटायचं की अख्खं घर आपलंच. खरी मेमरी चौसष्ट जीबी. लामुनूनं सहा जणांना मिळून नव्वद कबूल केली होती. सगळे एकदम मागायला आले नाहीत तर निभतं. तीन वर्षं निभलं होतं.

आता डिस्क मेली होती, आणि ही सहाही जणं नुसती आठवणीवर चालली होती. मेमरीत जे होतं तेवढंच उरलं होतं. पेटी बंद झाली की तेही संपलं.

डिस्क खरं तर दोन होत्या, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. तीन आठवड्यांपूर्वी पहिली गेली तेव्हा पेटीनं ठणाणा केला होता. लामुनू नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली. चार महिन्यांची लान्येरो तिच्या मांडीवर कशीबशी झोपली होती. तिनं भोंगा बंद केला. पोर उठू नये म्हणून. नवी डिस्क मागवायची होती. मग लान्येरोला ताप आला, मग... मग काही नाही. राहून गेलं.

फोन वाजला. अधीक्षक डॉक्टर ओचित्ती, सगळ्यांचा 'लादित', म्हणजे साहेब.

"लान्येरोची आई, आज फारच रडतखडत चाललंय बुवा. एकदा सगळं बंद करून चालू कर की."

"नको!" ती ओरडलीच. "लादित, कुणालाही कशाला हात लावू देऊ नका. तुम्ही इकडे या."

तो आला. तिनं सांगितलं. भोंग्याचंही सांगितलं.

"म्हणजे माणूस मेलाय, पण त्याला कुणी कळवलं नाही म्हणून बाजारात हिंडतोय," ओचित्ती म्हणाला.

"तसंच."

"काय जातंय?"

"एप्रिलपर्यंतची प्रत गुलू शहरात आहे. त्यानंतर जन्मलेली बाळं जातायत. टाचेच्या रक्ताचे निकाल."

ओचित्ती खुर्चीवर बसला. टाचेच्या रक्तावरून सिकलसेल हा जन्मजात आजार कळतो. ज्या बाळात निघेल त्याला तीन महिन्यांच्या आत रोजचं औषध सुरू व्हावं लागतं; नाहीतर एखादा साधा ताप येतो आणि पोर हातची जाते. एप्रिलनंतर चौऱ्याहत्तर बाळांत निघाला होता. एकवीस जणींना सांगून झालं होतं. त्रेपन्न आया आपापल्या गावी होत्या, पाठीला पोर बांधून शेंगा खुडत, आणि त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"कागदी वही असेल ना?"

"जानेवारीत बंद केली," लामुनू म्हणाली. "मीच मागे लागले होते."

तिनं प्रत काढायचा प्रयत्न केला. प्रत काढणारा हुकूमही डिस्कवरच होता, तोही मेलेला. पूर्ण यादी छापायला सांगितली तर मेमरी अशी भराभर संपू लागली की तिनं छपाई थांबवली.

तेवढ्यात मेगो लाकोत दारात उभी. तीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई, सगळ्यांची 'मेगो', म्हणजे आई, चष्मा दोऱ्यानं गळ्यात.

"पडद्यावर दिसतंय का नाही?" तिनं विचारलं.

"एकेक दिसतं, मेगो. एकेक उघडायला मिनिट लागतं."

"मग उघड. मी लिहिते."

"मी फोटो काढते."

"काढ बाई. मी लिहितेच."

त्या बसल्या. आईचं नाव, गाव, कोणाचं घर, कोणत्या बोअरवेलच्या पलीकडे. काही नोंदी चटकन येत. काही पानं पांढरीच येत. निकाल भरल्यावर ज्या बाळाची नोंद पुन्हा कुणी उघडून पाहिली नव्हती, ती मेमरीतून कधीच सरकून गेली होती.

"असं कसं विसरतं गं हे?" मेगो म्हणाली.

"ज्याची कुणी चौकशी करत नाही ते आधी टाकून देतं."

मेगोनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि पुढचं नाव लिहिलं.

मेमरी संपली की पेटी सगळ्यांत मोठ्या संगणकाचा बळी घेते, आणि सगळ्यांत मोठ्या होत्या बाळांच्याच नोंदी. एक ओळ मात्र लामुनूला अजून लिहिता येत होती, तिला डिस्क लागत नव्हती. तिनं लिहिली: ह्याला मारायचं नाही. मग नंबर लागणार होता एक्स-रेचा. अकरा वाजता एक्स-रेची खोली रिकामी होती. तिनं तेवढाच विचार केला.

साडेअकराला तिची छाती भरून आली, ब्लाऊज ओला झाला. घरी लान्येरो भुकेनं रडत असणार. तिनं ओढणी आवळून घेतली. एकोणतीस. तीस.

पावणेबाराला फाटकातून माणसं ओरडत आली. किटगुमच्या रस्त्यावर प्रवासी गाडी उलटली होती. अकरा जखमी. एक्स-रे एकामागून एक सुरू झाले, आणि मेमरीचा आकडा तिच्या डोळ्यांदेखत उतरू लागला.

फोनवर ओचित्ती धापा टाकत होता. "इथं चित्र अडखळतंय. काय झालंय?"

"लादित, मेमरी संपत आली. मी नोंदी राखून ठेवल्यात. संपली की एक्स-रे जाईल."

"एका बाईच्या मानेचं हाड मला बघायचंय, लामुनू. ते कळल्याशिवाय तिला हलवता येत नाही. तुझी किती राहिली?"

"पंधरा."

त्यानं हुकूम दिला असता तर बरं झालं असतं, पण तो नुसता श्वास घेत राहिला. मागे कुणीतरी कळवळून देवाला हाक मारत होतं.

लामुनूनं ती ओळ पुसली. मग मेगोला म्हणाली, "आता फक्त आईचं नाव आणि गाव. बाकी सोड."

"बोल."

"आचिरो, पालारो."

"पुढे."

"लालाम, आवाच... हे पांढरं. सोड. आयाअ, ओदेक."

"पुढे गं, थांबू नको."

आणखी तीन नावं उतरली. त्यापुढचं अर्धंच आलं आणि पडदा गोठला. लामुनूनं कळ दाबली. पुन्हा दाबली. मेगोनं तिचं मनगट धरलं आणि ते टेबलावर ठेवलं.

पांढरी आलेली आणि न उघडलेली मिळून तेरा बाळं गेली होती. त्या बाईची मान शाबूत निघाली. ओचित्तीनं निरोप पाठवला, त्यात त्याहून एक अक्षर जास्त नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लामुनू लान्येरोला पाठीला बांधून गुलूच्या रेडिओवर गेली. आजाराचं नाव घेऊ नकोस, लोक आईला बोल लावतात, असं मेगोनं बजावलं होतं. माईकसमोर तिनं इतकंच सांगितलं: एप्रिलपासून लापेनीत बाळंत झालेल्या सगळ्या आयांनी बाळांना घेऊन यावं. काही कागद हरवलेत. माझ्या हातून हरवलेत. तुमची काही चूक नाही, या.

सोमवारी फाटकाबाहेर झाडाच्या सावलीत दोनशे बायका बसल्या होत्या. मेगो टाचा टोचत होती, लामुनू वहीत लिहीत होती, कागदाच्या वहीत, ठळक अक्षरात. शुक्रवारपर्यंत तेरापैकी नऊ बाळं सापडली. मग तपासणीच्या पट्ट्या संपल्या; नव्या येईपर्यंत राहिलेल्या आयांना शोधून ठेवायचं होतं.

शनिवारी तिनं मेगोला विचारलं, "कुठल्या गावातून कुणीच आलं नाही?"

मेगोनं बोटांवर मोजून चार गावं सांगितली. चारही लांब होती. लामुनूनं लान्येरोला दूध पाजलं, पाठीशी घट्ट बांधलं, आणि पहिल्या गावाकडे जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याला हात केला.